ब्रिगेडियरचे दात आणि माझी पद्धत

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.
ब्रिगेडियरच्या तोंडाला वास येतो, ही वासंतीची तक्रार. कुत्र्याच्या तोंडाला वास येणार नाही तर काय अगरबत्तीला येणार? पण बायकोपुढे तर्क चालत नाही. काल लोणावळ्यातल्या त्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. श्रद्धा नाव. वय माझ्या चपलेइतकं. दोन सेकंद तोंडात पाहिलं आणि म्हणे भूल देऊन दात साफ करावे लागतील. भूल! दात घासायला! शिवाय मला सारखं ‘काका’ म्हणत होती.

तळेगावच्या कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी बघितली. एक अपघात नाही. (कदमचा अंगठा धरत नाही, तो जेवणाच्या सुट्टीत गेला.) मी एकवीस दिवसांत हे दात चकाचक करणार. वासंतीला तसं सांगितलं. तिला ठसका लागला.

६ जानेवारी. दिवस पहिला.
नऊ कलमी वेळापत्रक फ्रिजवर लावलं. कुत्र्यांची खास पेस्ट आणली, कोंबडीच्या चवीची. स्वतः चाखून पाहिली. जबाबदार माणूस असंच करतो. तोंड अजून विचित्र आहे.

ब्रिगेडियर ब्रश पाहून पलंगाखाली. हाक मारली तर येत नाही. वासंतीने ‘बंड्या’ म्हटलं की येतो. रस्त्यावरचं नाव. नऊ वर्षांत या घरात शिस्त रुजली नाही ती अशामुळे.
एकूण ब्रशिंग: चार सेकंद. फक्त उजवी बाजू. सुरुवात उत्तम.

७ जानेवारी.
त्रुटी सापडली. बक्षीस नव्हतं! आज ब्रश दाखवला आणि लगेच शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा. शेपटी पंख्यासारखी. गूळ म्हणजे साखर नव्हे, गुळात लोह असतं. शिवाय चिक्की कडक, म्हणजे चावताना दात आपोआप घासले जातात. एका दगडात दोन पक्षी. डॉक्टरांना हे सुचत नाही, कारण ते पुस्तकात नसतं.
वासंतीला तूर्त सांगायचं नाही. तिला संशोधन कळत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार.
ब्रशचा त्याच्या मनावर ताण येतो. म्हणून तीन दिवस फक्त बक्षीस. सहकार्य शंभर टक्के.

१२ जानेवारी.
शालूबाई कुरवंड्याहून कामाला येते. भांडी घासता घासता सल्ले देते. आज म्हणाली, “भाऊ, बंड्या एकाच बाजूनं खातोय. दाताचं दुखणं हाय त्याचं. डॉक्टरला दावा.” बाई स्वतः दातांना मिश्री लावते आणि मला दंतशास्त्र शिकवते! तिला आरोग्य या विषयावर दहा मिनिटं समजावलं. ती ऐकत होती. नळ चालू होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
ब्रिगेडियरच्या डाव्या डोळ्याखाली टेंगूळ. पाहताक्षणी निदान केलं: गांधीलमाशी. वासंती म्हणाली, एवढ्या थंडीत कसली गांधीलमाशी? शालूबाई म्हणाली, दात. हिचं आपलं एकच तुणतुणं.

डंखावर लोखंड घासतात. गोदरेजच्या कपाटाची किल्ली घेऊन गालावर घासायला गेलो. तो चावला नाही. त्याचा दात माझ्या अंगठ्याला लागला. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घेतलं, केवळ औपचारिकता म्हणून. आणखी काही घ्यायची आहेत. नर्सने विचारलं, कुत्रं भटकं होतं का? नाही, प्रशिक्षित आहे, असं सांगितलं.

१६ जानेवारी.
दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलेलं नाही. दूध हुंगतो आणि मागे सरतो. वासंतीने पलंग सरकवला, तर त्याच्या गोधडीत चिक्कीचे तुकडे. कुणी दिले हे, म्हणून तिने विचारलं. शालूबाई दारातच उभी होती. माझ्या तोंडून तिचं नाव गेलं.
गेलं म्हणजे मीच घेतलं.

शालूबाईने केरसुणी भिंतीला टेकवली. “चौदा वर्सं आली हितं. कधी न इचारता कपाट उघडलं न्हाई,” एवढंच म्हणाली आणि गेली. मोठा तमाशा करील वाटलं होतं. केला असता तर बरं झालं असतं. संशयाचा फायदा कुणालातरी मिळायला हवा होता, तो मी घेतला, इतकंच.

१७ जानेवारी, शुक्रवार. दुपारी.
डॉक्टर श्रद्धांकडे. वरची मोठी दाढ चिरलेली. मुळाशी पू झाला आणि तो डोळ्याखाली फुगला. गांधीलमाशी नाही. काहीतरी कडक चावायला देता का काका, म्हणून तिने विचारलं. मी प्रश्नाचं स्वरूप तपासत होतो, तेवढ्यात ब्रिगेडियरने माझ्या जॅकेटच्या खिशात नाक खुपसलं. चिक्कीची पुडी खाली पडली. वासंतीने पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

दात काढावे लागतील, पण या वयात भूल देण्यात धोका असतो, इथे सही करा, असं डॉक्टर म्हणाल्या. एकतीस वर्षांत शेकडो फॉर्मवर सह्या केल्या, एकही दुसऱ्यांदा वाचला नाही. आजचा तीनदा वाचला. भीती वाटली. लिहून ठेवतो, कारण हे कुणी वाचणार नाही. त्याला आत नेताना त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी ६. तीन दात गेले. बंड्या आहे.

१८ जानेवारी.
जखमेवर दिवसातून दोनदा जेल लावायचं, नाहीतर पुन्हा पू. डॉक्टरांनी सांगितलं, तो ज्याला तोंडाला हात लावू देतो त्याने लावावं. अर्थात मी. मी जवळ गेलो, तो पलंगाखाली गेला आणि तिथून गुरगुरला. वासंतीला गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही. उरली शालूबाई, तिच्यावर तो कधी गुरगुरत नाही.

स्कूटर काढून कुरवंड्याला गेलो. शालूबाई अंगणात धान्य पाखडत होती. म्हटलं, थोडा गैरसमज झाला होता. ती पाखडत राहिली. म्हटलं, चिक्की मी देत होतो. तिने सूप खाली ठेवलं.
“म्हाईत हाय. तुमच्या खिशाला कवाच्या मुंग्या लागल्यात. कपडे मीच धुते ना. आता माफी मागाय आलाय का मला न्यायला?”
दोन्ही, म्हटलं.
“ताईंसमोर म्हणा मग. येते. बंड्यापायी येते, तुमच्यापायी न्हाई.” चहा मात्र दिला. साखर जास्त होती. काही बोललो नाही.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ८.
वासंतीसमोर म्हटलं. मनात तीन मुद्दे जुळवले होते, एकच वाक्य निघालं.

शालूबाई फरशीवर मांडी घालून बसली. बंड्या पलंगाखालून आपणहून आला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिने ओठ उचलला तसा उचलू दिला. अर्ध्या मिनिटात जेल लागलं. मध्ये एकदाच तिला आतलं नीट दिसेना, म्हणून मला टॉर्च धरायला सांगितला. प्रकाशाचा कोन हा महत्त्वाचा विषय आहे, त्याबद्दल मी टॉर्चसकट हातवारे करत थोडं सांगत होतो.
शालूबाई म्हणाली, “भाऊ, उजेड त्याच्या तोंडात पाडा. सवताच्या न्हाई.”