गठ्ठा माझ्या घरी येतो

सोमवार, चार तारीख

चि. ठमीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याची ती खोडच आहे. अक्षर लावून वाच. शाळा दुसरीपर्यंत, त्यातही निम्मे दिवस दांडी.

वीस तारखेला येतेय म्हणालीस तेव्हापासून मला घरात बसवत नाही. तीन वर्षांनी येणार तू. चादर धुतली, पडदा धुतला, मग वाळत घालायची दोरी तुटली म्हणून पडदा परत धुतला. जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, आमची ठमी मोठ्या कंपनीकडून इथला शर्टांचा कारखाना तपासायला येतेय. खालचा दुकानदार म्हणतो, "मग आजींचीही तपासणी होणार का?" मी म्हटलं, "तिची काय बिशाद." सगळे हसले. मीही हसले. वर आल्यावर आठवलं की साबण घ्यायचा राहिला, पण परत खाली जावंसं वाटेना.

परवा लंबू आला होता. तो तुला माहीत नाही. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे घेऊन घरोघर देत फिरतो. दारातूनच म्हणाला, "आजी, वीस तारीख उलटेपर्यंत गठ्ठा नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, मी दिवसभर झोपा काढते."

"असं कोण येतंय एवढं?"

"कंपनीची बाई. फार कडक आहे म्हणे."

कडक म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं की त्याला चहा पाजला. ती बाई माझी कोण, ते मात्र बोलले नाही.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. बटणं लावायचं सोडलं असं मी तुला दोन वर्षं सांगतेय. सोडलं नाही गं. शर्टाच्या गळ्याशी निळ्या पानाचा छाप असतो, तुझ्या ऑफिसच्या पिशवीवर आहे तोच. कारखाना तुम्हाला लिहून देतो की सगळं काम आमच्या छपराखाली होतं. बटणांचं काम माझ्या खोलीत होतं. शेजारीण, वरच्या मजल्यावरच्या दोघी जावा आणि मी. कारखान्यात पंखे आहेत, दिवे आहेत, सुई लागली तर औषध आहे. इथे बोट तोंडात घालायचं आणि पुढचं बटण घ्यायचं.

मला काही कमी आहे म्हणून करत नाही. तू पाठवतेस ते पुरून उरतं. पण गठ्ठा आला की दार वाजतं. लंबू "आहात ना आजी?" विचारतो. दुपारी तिघी येतात, मी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधते, त्या सांगत नाहीत, नुसत्या हसतात. दोन दिवस गठ्ठा नाही तर कोणीच आलं नाही. काल रेडिओशी भांडले मी, बातम्या सांगणाऱ्या बाईशी.

सांगणार नव्हतेच. पण तू तिथे शर्ट उचलशील, बटण उलटं करून बघशील. बटणाखाली दोऱ्याचे चार वेढे. कारखान्यात तीनच घालतात. चार घालायला तुला मीच शिकवलं, तू सहा वर्षांची होतीस. तू ओळखशील, आणि मग सगळ्यांसमोर एकतर आजीचं काम झाकायचं, नाहीतर तपासणीच्या कागदावर सही नाकारायची. माझ्यापायी तू खोटी सही केलीस तर मला घास उतरणार नाही.

तूच म्हणाली होतीस, घरचं माणूस जिथे कामाला असतं तिथे तुम्हाला तपासायला जाता येत नाही, दुसरं कोणीतरी पाठवतात. विसरले नाही मी. फोनवर तुझा आवाज ऐकून धीर झाला नसता, म्हणून हे पत्र.

तुझ्या साहेबांना दाखव. जी कोणी येईल तिला म्हणावं, आधी म्हातारीच्या खोलीत जा, ती सगळं दाखवेल. फक्त आमचं काम काढून घेऊ नका. वरच्या जावांची चूल त्यावर पेटते. आमची नावं कागदावर घ्या, आतल्या बायकांना जे मिळतं ते आम्हाला द्या. लंबूलाही मग चोरासारखं यायला नको.

तुला कधी रजा मिळाली तर बघ. काम नसतानाही माणसं एकमेकांकडे जातात, असं ऐकलंय.

वीस तारखेला तुझी वाट न बघणारी,
आजी