दसऱ्याचा स्वार

३० ऑगस्ट १९३१
पडलो नाही. उतरलो. ठरल्याआधी, एवढंच. मारुतीच्या देवळाशी आमचा घोडा पाखऱ्या एकाएकी थांबला, मी थांबलो नाही. डाव्या नडगीचं हाड मोडलं. निपाणीचे हाडवैद्य फळ्या बांधून गेले. त्यांना बजावलंय, दसऱ्याच्या आत फळ्या सुटल्याच पाहिजेत. सीमोल्लंघनाला पालखीपुढे घोड्यावर बसायचा मान आमच्या घराचा. चार पिढ्यांत खंड नाही.

१२ सप्टेंबर
गावात कुजबूज. मी बसलो नाही तर मान चुलतभाऊ मार्तंडाकडे जाणार म्हणे. एकदा गेलेला मान परत येतो का? जेवण जात नाही. हिला समजावलं, विद्या मांडीत नसते, डोक्यात असते. कीर्तनकाराचा घसा बसला म्हणून तो कीर्तनकार नाही काय? ही म्हणाली, घसा बसायच्या आधी कुणीतरी कीर्तन ऐकलेलं असावं लागतं.
संकल्प: हिच्याशी वाद बंद.

२८ सप्टेंबर
गुंडू पाटील आले. म्हणाले, अण्णा, तुमच्याइतकं घोडं कुणाला कळतंय? तुम्हीच परीक्षा घ्या, यंदाचा स्वार नेमा. शेवटी पोझिशन ओळखली! बेळगावला शाळेत असताना कॅम्पातली साहेबलोकांची रपेट रोज पाहायचो. कुंपणाबाहेरून का होईना.

२ ऑक्टोबर
ओसरीवरून परीक्षा. मार्तंड: बैठक बरी, पण घोड्याशी लाडानं बोलतो. फेल. पाटलांचा परशराम: भरधाव गेला, भरधाव आला, एकदाही पडला नाही. जो कधी पडलाच नाही त्याला घोडा काय कळणार? फेल. ही आतून म्हणाली, मग तुमचा पहिला नंबर.
मार्तंड जाताना म्हणाला, अण्णा, घोडं मला घिऊन फिरलं, तुम्हाला टाकून गेलतं. खरा जज्ज कोण म्हणायचा? चोख उत्तर सुचलं, पण तो वळणापलीकडे गेल्यावर.

९ ऑक्टोबर
निर्णय: मीच बसणार. सराव म्हणून लोडावर मांड ठोकली. लोड सरकला. लोडाला रिकीब नसते, त्याला मी काय करणार? हिनं आणि शेजारच्या मालुबाईनं उचललं. मालुबाई म्हणाली, लोडबी पाखऱ्यासारखाच द्वाड निघाला व्हय?

१५ ऑक्टोबर
पंचांनी तोड काढली. स्वार कुणीच पास नाही, तर खोगिरावर माझं पागोटं ठेवायचं. मान घरात राहिला! मार्तंडाचं तोंड पाहण्यासारखं झालं असेल. फक्त पागोटं एकटंच जाणार, हे जरा लागलं.

दसरा
ओसरीवर बसून ऐकलं. दरसाल देवळाशी आरडाओरडा होतो. यंदा नुसती वाजंत्री. पाखऱ्या थांबला नाही, उधळला नाही, शिवेपर्यंत सरळ गेला. लोकांनी सोनं पागोट्यालाच वाहिलं. एवढ्या वर्षांचं माझं शिक्षण आज फळाला आलं. मी वर नसताना आलं, हा योगायोग.

दसऱ्याचा दुसरा दिवस
पाटील आले, खुशीत. म्हणाले, यंदा पालखीवाल्यास्नी लाथ न्हाय बसली, बायाबापड्या बिनघोर हुब्या ऱ्हायल्या. मान तुमच्याच घरात ऱ्हाणार, अण्णा, कायमचा. पुढल्या सालीबी पागोटंच धाडा. तुम्ही कशाला तरास घेताय?
दुपारी हाडवैद्यांनी फळ्या सोडल्या. हाड जुळलंय, म्हणाले, खुशाल घोड्यावर बसा. मी म्हणालो, नको, अजून ठणकतंय, बांधा परत.
ठणकत नव्हतं. हिला ते कळलं. वैद्यांनी दोरी आवळेपर्यंत हिनं फळ्या धरून ठेवल्या. टोमणा मारील म्हणून वाट पाहिली. मारला नाही.