माझी रारा न्याग्रा

२ ऑक्टोबर
निर्णय पक्का. गावच्या जत्रेतल्या वाइन-स्पर्धेत यंदा उतरायचं. मोल्दोव्हात रारा न्याग्रा द्राक्षं पुष्कळांकडे आहेत, पण वाइन करायचा हात माझ्याकडेच आहे. वीस वर्षं पाहुणे तारीफ करतायत, ते काय वेडे? ल्यूबाला सांगितलं. ती मक्याच्या पिठाची मामालिगा घोटत होती, घोटतच राहिली. आनंदाने बायकोची वाचाच बसली असणार.

४ ऑक्टोबर
ल्यूबा म्हणते, स्पर्धा कशाला, दृष्ट लागेल. महत्त्वाकांक्षा तिच्या माहेरीच नाही. तिचा भाऊ अर्काडी, शेजारीच मळा, तीच द्राक्षं. कधी स्पर्धेत उतरला? बिचारा.

७ ऑक्टोबर, सकाळ
अर्काडी आला. म्हणे, ‘दाजी, स्पर्धेची बाटली मी भरून देतो. तुमचे गुडघे दुखतात, तळघरात कशाला उतरता?’ डाव ओळखला. माझ्या वाइनमध्ये पाणी घालणार! पिंपात द्राक्षं मी भरतो, टेबलावर वाइनचा जग भरून आणते ल्यूबा. या वेळी स्वतः उतरणार.

१४ ऑक्टोबर, दुपार
उतरलो. भरली. पिंप मी कधी धुऊ देत नाही, जुनी चव मुरते. ल्यूबा दारात उभी. ‘अहो, एकदा चाखून तरी बघा.’ इतका अविश्वास! चाखली नाही.

संध्याकाळ
परीक्षक होते आमचे पाद्री निकिफोर. घोट घेतला, थुंकले. थुंकायची पद्धतच आहे. पण नंतर तांब्याभर पाणी प्यायले. म्हणाले, ‘प्रोकोपी, व्हिनेगरची स्पर्धा वेगळी ठेवायची का रे?’ सगळं सभागृह हसलं. फक्त ल्यूबा आणि अर्काडी खाली बघत होते.

१५ ऑक्टोबर
सगळं कळलं. वीस वर्षं आमच्या टेबलावर अर्काडीची वाइन! ल्यूबा कुंपणावरून जग भरून आणायची. माझी वाइन काकड्यांच्या लोणच्यात. विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, ‘पहिल्याच वर्षी सांगणार होते. पण पाहुण्यांनी कौतुक केलं आणि तुमचा चेहरा असा फुलला, की जीभच रेटेना.’ लेकीच्या बाप्तिस्म्याला अख्खा गाव नाचला, तो मेहुण्याच्या वाइनवर! घरच्यांनीच केसाने गळा कापला.

१६ ऑक्टोबर
ठराव. दोघांशी अबोला. त्या वाइनला स्पर्श नाही. दुपारी ल्यूबाला ‘मीठ दे’ म्हणालो. ते बोलण्यात धरत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
अर्काडी जेवायला आला. मी गप्प. शेवटी तोच म्हणाला, ‘दाजी, तुम्हाला फसवलं, खरंय. पण वीस वर्षं माझ्याच वाइनची तारीफ मी इथे बसून तुमच्या नावाने ऐकली. एकदाही हूं की चूं केलं नाही.’
ल्यूबाने जग पुढे सरकवला. घेतली. घोटभरच.
‘चांगली आहे,’ मी त्याला म्हणालो.
त्याचे डोळे भरले. माझेही. पण माझे वेगळ्या कारणाने. ती खरंच फार चांगली आहे.