अण्णांची तोंडी परीक्षा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (उजव्या गुडघ्याने संप पुकारल्यामुळे आठांपैकी सातच अंगं टेकली आहेत, तेवढं सांभाळून घे.) तुझी दाढ काढून झाली का? भावोजींचा खोकला काय म्हणतो? त्यांना म्हणावं, औषधाची बाटली खिडकीत ठेवून नुसतं तिच्याकडे बघितल्याने खोकला जात नसतो. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं हे मला कळतं, पण मी फोन घेतला की अण्णा समोरच्याच खुर्चीत असतात, आणि आपल्या वडिलांना ऐकू येत नाही हे त्यांचं नुसतं म्हणणं आहे. म्हणून पत्र. निवांत वेळ काढून वाच, मात्र वाचताना हसू आलं तर हस. मला लिहिताना दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा नंतर वाईट वाटलं.

तर झालं असं. आमच्या डॉक्टरबाईंनी दवाखान्यात नवी पद्धत सुरू केली आहे. वर्षातून एकदा रक्तदाब बघतात तसं बारा वर्षांपुढच्या प्रत्येकाला मनाचंही विचारायचं; नैराश्य असेल तर ते वेळेवर कळावं. आम्हाला शनिवार सकाळची वेळ मिळाली. काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं, उपाशीपोटी यायचं का? ती म्हणाली, "छे हो सर, थोडे प्रश्न विचारतात फक्त." ताई, तिने हा शब्द उच्चारायला नको होता. इतकी वर्षं गणिताचे क्लास चालवणाऱ्या माणसाला 'प्रश्न' म्हटलं की एकच सुचतं, तयारी. आणि खरं सांगू? मला भीतीही वाटली. मास्तरांच्या घरात मनाचं काहीतरी निघालं असं बाहेर कळलं, तर आपली पोरं माझ्याकडे कोण पाठवणार?

खालचे शिंपीकाका आदल्याच आठवड्यात जाऊन आले होते. त्यांना वर बोलावून, दोन कप चहा पाजून मी सगळे प्रश्न काढून घेतले. झोप लागते का, भूक लागते का, कशात लक्ष लागतं का, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का, वगैरे. (थोडक्यात, पेपर फुटला. पेपरफुटीवर दरवर्षी पालकसभेत भाषण देणाऱ्या माणसाने तो फोडला.) तुम्ही काय उत्तरं दिलीत, असं विचारलं तर काका म्हणाले, "ते माझं माझ्यापाशी," आणि उरलेला चहा टाकून खाली गेले. तेव्हाच मला काही कळायला हवं होतं. पण मी गुणदानाच्या पद्धतीत अडकलो होतो. या परीक्षेत म्हणे शून्य मिळवायचं असतं; गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. आपल्या घराण्यात शून्य मिळवण्याचा अनुभव फक्त तुला, तोही चित्रकलेत, आणि तू तिकडे.

शुक्रवारी संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी अण्णांना आणि ठिणगीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. (ठिणगी म्हणजे तुझी भाची. पंधरावं लागल्यापासून ती ज्या आवाजात दारं लावते, त्यावरून हे नाव पडलं.) तुझी भावजय म्हणाली, "अहो, रक्त तपासायला जाताना शेजाऱ्याचं रक्त घेऊन जातात का?" मी दुर्लक्ष केलं. मी आधीच सगळ्यांची निदानं करून ठेवली होती ना! ठिणगी चिडते, उशिरापर्यंत लोळते, गुण घसरलेत, तर तिला मोबाइलचं खूळ. अण्णा गप्प असतात, पोळी अर्धी टाकतात, तर त्यांचं वय. मी स्वतः पहाटे टक्क जागा असतो, तर मला काम फार. एकदा कारणं लावून टाकली की माणूस मोकळा. मग मी नमुना उत्तरं दिली. झोप शांत व पुरेशी. भूक उत्तम. भविष्याबद्दल आशा वाटते. दोघांकडून घोकून घेतली. ठिणगीने छताकडे बघत म्हटली, अण्णांनी अगदी शहाण्या मुलासारखी.

शेवटचा प्रश्न असा होता की, आपण नसतो तर बरं झालं असतं असं कधी मनात येतं का. त्याला अण्णा थांबले. चष्मा काढून पुसत बसले. ठिणगी त्यांच्याकडे बघायला लागली. आणि मी, ताई, मी टेबलावर पेन्सिल वाजवून म्हणालो, "अण्णा, इथे वेळ लावायचा नाही. वेळ लावला की समोरच्याला संशय येतो." ते म्हणाले, "बरं बाबा. नाही म्हणतो." 'नाही म्हणतो' म्हणाले ते, आणि मी शाबास म्हणालो. इतक्या मुलांना शाबासकी दिली असेन मी, पण ही एक मला परत घेता आली तर काय हवं ते देईन.

शनिवारी पितळ उघडं पडलं. आधी ठिणगी आत गेली, मग अण्णा, आणि मग मला बोलावणं आलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्ही काय शिकवता?" म्हटलं, गणित. "असं होय. मला वाटलं निबंध. पंधरा वर्षांची मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा मला शब्दन्‌शब्द तेच सांगून गेले. झोप शांत व पुरेशी. माणसं असं बोलत नाहीत हो सर, आजारीही नाहीत आणि धडधाकटही नाहीत." कॉपी पकडली गेल्यावर मुलं बुटांकडे का बघतात ते मला त्या दिवशी कळलं. खाली बघण्यासारखं तेवढंच असतं.

त्यांनी अण्णांना पुन्हा बोलावलं आणि अण्णांना विचारूनच मला बसू दिलं. वय झालेल्यांना म्हणे प्रश्नच वेगळे असतात, कारण झोप आणि भूक वयानेही कमी होते. म्हणजे अभ्यासक्रमच निराळा निघाला! पूर्वी आवडीने करायचात असं काही सोडलंत का? मी मनात म्हटलं, नाही. अण्णा म्हणाले, "हो. बुद्धिबळ." शिंपीकाकांबरोबर रोज संध्याकाळी खेळणारा, हरायची वेळ आली की प्यादं बाहीत सरकवणारा आपला बाप म्हणाला, "पट मांडायचाच कंटाळा येतो. जिंकलो काय, हरलो काय, काही वाटत नाही." ते खाली जायचे थांबले हे मला दिसलं होतं, ताई. मला वाटलं, गुडघे. उलट बरंच वाटलं होतं, कारण ते घरी असले की क्लासच्या मुलांना दार उघडायला माणूस मिळायचा. मग बाईंनी तो शेवटचा प्रश्न विचारला आणि त्या थांबल्या. पेन खाली ठेवून नुसत्या थांबल्या. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "येतं मनात. रोज नाही." मी भिंतीवरचा उंची-वजनाचा तक्ता वाचत होतो. त्यातलं एक अक्षरही आता आठवत नाही.

आता उपचारांचं सांगतो, म्हणजे तू जिवाला घोर लावून घेणार नाहीस. अण्णांच्या मनात येतं म्हणजे नेमकं काय, काही करायचं ठरवलं आहे का, हे बाईंनी सरळ विचारून घेतलं. तसं काही नाही. तरी घरातल्या सगळ्या गोळ्या तुझ्या भावजयीच्या कपाटात गेल्या आहेत. आधी रक्त तपासलं (थायरॉइडमुळेही असं होतं म्हणे, पण ते ठीक निघालं), मग अगदी कमी ताकदीची एक गोळी, ती हळूहळू वाढवणार. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही. ठिणगीलाही बाईंनी एकटीला पुन्हा बसवून विचारलं, आणि तिचंही नैराश्यच निघालं; पण तिला गोळी नाही. तिच्या वयात हे रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसतं म्हणे. मी तिच्या दारं आपटण्यावर जी व्याख्यानं दिली, ती सगळी आजाऱ्याला दिलेली निघाली. ती दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंशी बोलायला जाते. महिन्यातून एकदा मलाही बोलावतात. तिथे मी बोलायचं नसतं, ऐकायचं असतं. फार अवघड जातं.

आणि अण्णा! घरी येताना रिक्षात माझा हात धरून म्हणाले, "तू एवढी तयारी करून घेतलीस आणि मी ऐनवेळी चुकलो रे. माझ्यामुळे तुझी शोभा झाली." ताई, ते माझी समजूत काढत होते. मी त्यांना मफलर नीट करून दिला. परवा ते खाली जाऊन आले. पट मांडला नाही, पण काकांच्या मशीनजवळ तासभर बसले.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. यातलं काही तुला कळलंय असं अण्णांना दाखवू नकोस. ताईला सांगू नको, ती घाबरते, अशी त्यांनी ताकीद दिली आहे. (लहानपणी गच्चीच्या कठड्यावरून चालायचीस ती तू घाबरतेस!)

पुन्हा ता. क. डॉक्टरबाईंनी जाता जाता मलाही प्रश्न विचारले. दुसऱ्यांना शिकवण्याच्या नादात माझी काहीच तयारी झालेली नव्हती. घरात सगळ्यात जास्त गुण माझे आले. मंगळवारपासून मीही समुपदेशनाला जातो आहे.

आणखी एक, आणि खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. रविवारी फोन केलास की तू पहिलं विचारतेस, "बरे आहात ना सगळे?" ते आता विचारू नकोस. त्याचं उत्तर आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. दुसरं काहीही विचार, आणि विचारून झालं की थोडी थांब. अण्णांना वेळ लागतो. मलाही लागेल.