गुलाबी रोपाच्या अदलाबदलीबाबत

आदरणीय ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्याने तो कागदावरच घातला आहे, तरी पोचला असं समजावं.) तुमची कंबर, साडूभाऊंचा रक्तदाब आणि दोन्ही मांजरं ठीक असतील अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. कोणी वेगळं सांगितलं असेल, तर ते कोणी सांगितलं एवढं मात्र कळवावं.

पत्रास कारण, मी निवृत्त झालो तेव्हा तुम्ही दिलेलं ते रोप. या प्रकरणाची एक बाजू तुमच्या कानावर गेली असणारच. ही दुसरी, म्हणजे खरी. तुम्हाला आठवत असेल, गुलाबाच्या फुलासारखी एकात एक बसवलेली जाडजूड पानं, मधे जांभळट, कडेला गुलाबी आणि वर पावडर लावल्यासारखी निळसर भुकटी. तुम्ही म्हणाला होतात, "भावजी, दोन जातींचा संकर आहे, याला फारसं काही करू नका." माझं पहिलं मत सांगतो, राग मानू नका: मला वाटलं, रंग दिलेला आहे. विम्याचे दावे तपासण्यात माझी हयात गेली. आग लागण्याच्या आदल्याच दिवशी माल हलवलेली दुकानं आणि चोरीला जाऊन मेहुण्याच्या अंगणात निघालेल्या मोटारी ज्याने पाहिल्या, त्याला नुसतं पान गुलाबी आहे म्हणून विश्वास बसत नाही. तेव्हा मी एका पानावर अंगठा दाबून पाहिला. रंग निघाला नाही. भुकटी निघाली, आणि पानावर माझा अंगठा उमटला तो कायमचा. (उजवा. त्यावर पत्र्याने कापल्याचा आडवा व्रण आहे, त्यामुळे हजारांत ओळखू येतो.)

पुढे मी त्या रोपाची जी काळजी घेतली तशी लोक पोटच्या पोराची घेत नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत जागा दिली, ऊन बाधेल म्हणून पडदा ओढला, रोज सकाळी मातीत बोट खुपसून ओल पाहिली आणि ओल असली तरी कमी पडू नये म्हणून पाणी घातलं. पानांची लांबी पट्टीने मोजली. हिचं म्हणणं, "अहो, ते रोप आहे, आरोपी नाही!" (हे वाक्य ती हल्ली दुधाच्या भांड्याबद्दल, स्वतःच्या फोनबद्दल आणि बाजारातून यायला लागलेल्या वेळेबद्दलही जरा फेरफार करून वापरते.)

आणि एके दिवशी पाहतो तर कुंडी तीच, माती तीच, पण पानं हिरवीगार. ही म्हणाली, ऊन मिळालं नाही की ही रोपं हिरवी पडतात. चौकशी केली, ते खरं निघालं. पण ताई, हिरवं पडताना पान अंगठा पुसून टाकत नाही! मी भिंग घेऊन एकूण एक पान पाहिलं. माझा अंगठा गायब होता.

संशय सरळ वरच्या मजल्यावर गेला. तिथे भूलतज्ज्ञ राहतात. समोरच्याला बेसावध करणं हाच ज्याचा पेशा, त्याच्या गोड हसण्यावर मी कधीच भुललेलो नाही. भिंतीला ओल येते असं निमित्त काढून मी त्यांच्या गॅलरीत शिरलो. कठड्यावर, भर उन्हात, जांभळं-गुलाबी झगझगीत रोप! भिंग काढलं. सर्वांत खालच्या पानावर अंगठा, त्यावर आडवा व्रण.

"डॉक्टर, हे तुमच्याकडे कसं आलं?"

डॉक्टर एवढे रोज माणसं झोपवतात, पण त्यांची स्वतःची झोप उडाल्यासारखी दिसली. "मी वचन दिलंय," एवढंच ते म्हणाले.

"चोरीच्या मालाला वचन कसलं?" माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असावा, कारण ही खालून वर आली. ओले हात पदराला पुसत दारात उभी राहिली.

"मी नेऊन दिलं," ती म्हणाली. "खालची पानं पाण्याने कुजायला लागली होती. तुमच्या समोर दुसरं ठेवलं, म्हणजे तुमचा हात तरी रिकामा राहणार नाही."

मी डॉक्टरांना विचारलं, तुम्ही याला घालता काय? ते म्हणाले, काहीच नाही, आठवण झाली तर पाणी, आणि आठवण सहसा होत नाही.

"ऐकलंत?" ही म्हणाली. "कुणी सारखं तपासत नसलं की रंग चढतो. कुणालाही चढतो."

हे शेवटचं वाक्य रोपाबद्दल नव्हतं, एवढं कळायला भिंग लागलं नाही. मी डॉक्टरांची माफी मागितली. ते माझा खांदा थोपटत राहिले. इतका वेळ का थोपटत होते, याचा विचार मी जाणूनबुजून केला नाही. रोप त्यांच्याकडेच राहू दिलं आहे.

साडूभाऊंना नमस्कार. लोभ आहे असं धरून चालतो, पुरावा मागत नाही.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता.क. तुमची बहीण परवा "चार दिवस ताईकडे जाऊन येते" म्हणून तुमच्याकडे आली. चार दिवसांसाठी माणूस जाड शाल आणि शिवणाचं मशीन नेत नाही. ती परत कधी येणार, हे सहज बोलता बोलता काढून घ्यावं. मी विचारलं असं सांगू नये.

ता.क. २. उत्तर तुमच्याच शब्दांत असावं. तिने सांगितलेलं आणि तुम्ही लिहिलेलं मला पहिल्या ओळीत ओळखू येतं.

ता.क. ३. किंवा राहू द्या. तिनेच लिहिलं तर फार बरं होईल. मी विचारलं असं सांगितलं तरी चालेल.