हार्लनची निळी गाडी

कॉर्बेट, इंडियाना
१४ मे १९७४

प्रिय वेंडेल,

तुम्ही सगळे खुशाल असाल. इथे मक्याची पेरणी आटोपली. बाबांचा गुडघा दुखतो, पण काठी घ्या म्हटलं की भांडतात.

गाडी मी बाहेर काढली. हो, तीच. आपल्या थोरल्या हार्लनची शर्यतीची गाडी. पत्र फाडू नकोस, आधी वाच.

अपघातानंतर बाबांनी ती कोठारात ढकलून कुलूप घातलं होतं. या हिवाळ्यात मी किल्ली मागितली.

"कशाला? भंगारात घालायचीय?"

"नाही. चालवायचीय."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि कोंबड्यांना दाणे घालायला निघून गेले.

आखडलेलं इंजिन खोललं. चेपलेला पत्रा ठोकून सरळ केला, पुन्हा तसाच निळा रंग दिला. स्टिअरिंगकडे जायचं मात्र टाळत होते. बाबांनी जोडलेला स्टिअरिंगचा दांडा तुटला म्हणून हार्लन गेला, असं सगळं गाव म्हणत आलं. तू तर दफनाच्या दिवशी त्यांच्या तोंडावर म्हणालास, आणि मोठा होताच घर सोडलंस.

वेंडेल, दांडा तुटलेलाच नाही. आपटून वाकलाय, पण बाबांचं वेल्डिंग जसंच्या तसं आहे.

मी तो त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"मला माहीत होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलू? थोरल्याला वळणावर वेग आवरला नाही, असं? धाकट्याचा तो देव होता गं. माझ्यावर चिडून पोरगं निदान उभं राहिलं. त्याच्यावर चिडलं असतं तर..."

तुला कळवायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. मी ऐकलं नाही.

येत्या पंचवीस तारखेला, शनिवारी, जत्रेच्या त्याच मैदानावर जुन्या गाड्यांची फेरी आहे. गाडी मीच चालवणार. "बाईमाणसाला झेपेल का?" असं तिथल्या एका शहाण्याने विचारलं. बाबा म्हणाले, "तिच्या वाटेत उभा राहून बघ."

वाकलेला दांडा बदलावा लागला. नवा मी बाबांकडूनच जोडून घेतला. हात थरथरतात, नको म्हणत होते. मी हटले नाही. हार्लन गेला ते वळण मी त्याच दांड्याच्या भरवशावर घेणार आहे, आणि बाबा कठड्याशी उभे राहून बघणार आहेत.

त्यांच्या शेजारी तू उभा राहा. काही बोलायची गरज नाही.

बाबांनी शपथ घातली तरी गप्प न बसलेली,
तुझी बहीण
व्हर्ना