बांध म्हणू नका

अप्पा,

गिरणीचा दुपारचा भोंगा होऊन गेला तरी माझा एक शब्द अडलाय तो अडलाच आहे. सकाळपासून कितीदा उठले, माठातलं पाणी प्यायले, खिडकीशी जाऊन आले, पुन्हा बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पायाला भिंगरी लावलीय का? बस की एका जागी."

गोष्ट अशी आहे. मुंबईत मोठी मोठी माणसं एकत्र बसून अख्ख्या देशाच्या शेतीचा आणि धंद्यांचा पुढच्या काही वर्षांचा विचार करताहेत. कुठे काय पिकवायचं, पाणी कुठे न्यायचं, कारखाना कुठे घालायचा, हे ज्यानं त्यानं आपापलं न बघता सगळ्या देशाचं मिळून ठरवायचं. त्यांचे प्रश्न इंग्रजीत आलेत. शेजारचे वकील ते मराठीत करून घ्यायला माझ्याकडे घेऊन आले, कारण कॉन्व्हेंटात शिकलेली बाई या गल्लीत मीच. उद्या ते मोडनिंबच्या बाजारात लोकांना वाचून दाखवतील आणि लोक काय म्हणाले ते मुंबईला कळवतील. पहिल्याच ओळीत 'प्लॅन' आहे. मी 'देशाची आखणी' असं लिहिलं आणि मला आईचं माहेर आठवलं. माळशिरसाकडे कालव्याची आखणी झाली तेव्हा फक्कीची पांढरी रेघ मामाच्या विहिरीवरून गेली होती. तिकडचा माणूस आखणी हा शब्द ऐकला की आधी विचारतो, आता कुणाचं रान गेलं? आणि मोडनिंब तिथून फार लांब नाही. वकिलांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "बाई, 'योजना' लिहा आणि मोकळ्या व्हा. एका शब्दावाचून देश अडत नाही."

अडतो, अप्पा. तुम्हाला आणि मला ठाऊक आहे.

होटगीच्या पलीकडच्या त्या गावात आपण बैलगाडीनं गेलो तो दिवस मला अजून दिसतो. शेतकी खात्यातून निवृत्त होऊनही तुम्ही स्वस्थ बसला नव्हतात. डोळ्यांनी नीट दिसेना म्हणून रिपोर्ट उतरवून घ्यायला मला बरोबर नेत होता. मी संसारी बाई, तरी तुमच्याबरोबर निघाले की शाळेतली मुलगी होत असे. त्या उताराची काळी माती दरसाल वाहून ओढ्यात जात होती. उताराला आडवे मातीचे बांध घातले तर माती राहील, ओल राहील, शाळू हाती लागेल, हे तुमचं म्हणणं. पण उतार काही सातबाऱ्याला विचारून उतरत नाही. बांध एकाच्या रानातून निघून वळत वळत दुसऱ्याच्या रानात जाणार. तुम्ही म्हणायचात, गावानं सगळं शिवार एकाचंच समजलं पाहिजे. त्या एका गावात जमलं तर जिल्ह्यात जमेल, एवढ्या आशेवर तुम्ही जगत होता.

तुम्ही चावडीपुढे उभे आहात. हातातल्या काठीनं धुळीत वाकडी रेघ ओढून सांगताय, "बांध असा जाईल."

पुढे बसलेला एक पागोटेवाला रेघेकडे बघतो. "वाकडा बांध? मग सायब, माझं रान कुटं संपतं अन् ह्या धाकट्याचं कुटं लागतं?"

"हद्द आहे तीच राहील."

"बांध हलला म्हंजे हद्द हलली की."

त्याचा धाकटा भाऊ मागून म्हणतो, "आमच्या आज्यापास्नं ह्या बांधाचं भांडण हाय, सायब. तुमी नवं काढू नगा. आमाला जुनंच लई पुरतंय." सगळी चावडी हसते. तुम्हीही हसलात, पण गाडीत बसण्याआधी ती रेघ पायानं पुसून टाकलीत.

रात्री मी सांगत होते ते सगळं आई भाकरी थापता थापता ऐकत होती. तिनं थापणं थांबवलं. "तुम्ही त्यांना बांध म्हणालात? मग पिटाळून लावलं नाही हेच पुष्कळ झालं. ताल म्हणायचं हो. आमच्याकडे पाणी अडवतो तो ताल आणि भावाला अडवतो तो बांध."

"खात्याच्या कागदात ताल नाही," तुम्ही म्हणालात.

"मग खात्यालाच नेऊन उभं करा चावडीवर." आणि तिनं तुमच्या ताटात शेंगांची चटणी जरा जास्तच वाढली.

पुढच्या खेपेला तुम्ही ताल म्हणालात. म्हणताना माझ्याकडे बघितलं नाहीत. पागोटेवाला म्हणाला, "ताल घालायचा व्हय? मग तवाच सांगायचं की." आणि शाळू निघाल्यावर खरंच फावडी चालू झाली. तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रानात अनवाणी हिंडत होतात, कुणीही दिलेली कांदा-भाकर खात होतात.

त्यानंतरच्या आजारातून तुम्ही उठला नाहीत, म्हणून पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्यामागे एकदा मी तिथे जाऊन आले. ताल आहे, अप्पा. चांगला उभा आहे, वर गवत आलंय, मागे पाणी ठरतं. फक्त त्या दोघा भावांच्या हद्दीवर माणूस जाईल एवढं खिंडार ठेवलंय. थोरला म्हणतो धाकट्यानं बुजवावं, धाकटा म्हणतो थोरल्यानं. साचलेलं पाणी तिथूनच निघून जातं. मी आईला सांगितलं नाही. तुम्हाला आज सांगतेय.

म्हणून हा जीव थाऱ्यावर नाही. योग्य शब्द मिळाला तर गाव फावडं उचलतं, हे मी पाहिलंय. आणि शब्द मिळूनही खिंडार राहतं, हेही पाहिलंय. आता तर सगळ्या देशाचं शिवार एकाचंच समजायला निघालेत. 'आखणी' खोडली, वकिलांची 'योजना' बाजारात कुणी बोलत नाही, म्हणून 'प्लॅन'च्या जागी मी शेवटी काहीच लिहिलेलं नाही, जागा मोकळी सोडलीय. उद्या वकिलांबरोबर मीही मोडनिंबला जाणार आहे. त्यांना आवडायचं नाही. मी लोकांना नुसतं सांगेन की एकाच्या रानात पाणी अडलं तर खालच्याचंही रान वाचतं, तसं सगळ्या मुलखाचं मिळून करायचं म्हणतात. तुमच्यात ह्याला काय म्हणतात? आणि ते खिंडाराचंही सांगेन. ते कसं बुजवायचं, हे मुंबईच्या प्रश्नांत कुठेच विचारलेलं नाही.

कॉन्व्हेंटातून मी तुम्हाला इंग्रजीतच पत्र लिहायचं, असा तुमचा नियम होता. तुम्ही ती लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवत असा. एकदा मी शेवटी चुकार एक ओळ मराठीत लिहिली होती, आईच्या भाकरीची फार आठवण येते म्हणून. तिच्याखाली लाल रेघ आली: हे इंग्रजीत लिही. मी भाकरीचा ब्रेड केला, आणि मग ती आठवण माझी राहिली नाही.

हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत आहे. ते टपालात टाकायचं नाही, म्हणूनच एवढा धीर झाला. तरी लिहिताना समासाला जागा सोडत आलेय, तुमच्या लाल पेन्सिलीसाठी.